परगावचे पान आणि परवान्याचा पेला

माणूस परगावी गेला म्हणजे उतरण्याची सोय लागताच दुसरा प्रश्न उभा राहतो तो जेवणाचा. घरी पानात काय पडावे हे गृहिणी ठरविते. परगावी तो भार प्रवाशाच्या स्वतःच्या अंगावर येतो. काय खावे, कोठे खावे, कोणाच्या पंक्तीस बसावे आणि जेवणाबरोबर पेल्यात काय घ्यावे, हे सर्व त्याचे त्यालाच ठरवावे लागते. लग्नकार्य, कोर्टकचेरी, कापसाचा व्यवहार, मुलांचे शिक्षण किंवा अंबादेवीचे दर्शन अशा निमित्ताने अमरावतीस अथवा अकोल्यास जाणाऱ्या माणसास संध्याकाळी रस्त्याने फिरताना दोन तऱ्हेच्या पाट्या दिसतात. एकीवर ‘भोजनालय’ असे लिहिलेले असते, दुसरीवर ‘परमिट रूम’ असे. पहिल्या पाटीखालचे दार कायद्याने सर्वांस सारखे उघडे आहे. दुसऱ्या पाटीखाली जो पेला मिळतो तो कायद्याने सर्वांस बंद असून परवाना असणारासच तेवढा मोकळा आहे. पान सर्वांना आणि पेला परवान्याने, असा हा व्यवहार कसा उत्पन्न झाला हे समजून घेतले, तर परगावी टेबलाशी बसणाऱ्या माणसास पुष्कळ गोष्टींचा उलगडा होईल.

प्रथम पानाचा विचार करू. आगगाडी येण्यापूर्वी वऱ्हाडातील प्रवासी शिदोरी घेऊन निघत असे. दशम्या, चटणी आणि कांदा एवढ्यावर दोन दिवस निघत. तिसऱ्या दिवशी धर्मशाळेच्या ओट्यावर तीन दगड मांडून तो स्वतःची भाकरी स्वतः भाजून घेई. पैसे देऊन परक्याच्या हातचे शिजविलेले अन्न खावे ही कल्पनाच पुष्कळांस असह्य वाटत असे. पुढे 1861 ते 1865 या काळात अमेरिकेत यादवी युद्ध झाले, तिकडचा कापूस विलायतेच्या गिरण्यांस मिळेना, आणि वऱ्हाडच्या काळ्या जमिनीतील कापसास एकाएकी मोल आले. मुंबईहून निघालेला लोहमार्ग 1867 साली नागपूरपर्यंत पोहोचला. अकोला या हमरस्त्यावरच आले. अमरावतीकरांस मात्र सुमारे 10 किलोमीटरांवरील बडनेऱ्यास उतरावे लागे, व पुढे तेथून शहरापर्यंत एक फाटा काढण्यात आला. गाडीबरोबर अडते, दलाल, सरकी काढण्याच्या आणि गठाणी दाबण्याच्या कारखान्यांतील कामगार, वकील, कारकून व विद्यार्थी आले. या मंडळींपैकी पुष्कळांचे बिऱ्हाड गावी आणि पोट शहरात, अशी स्थिती होती. त्यांच्यासाठी महिन्याच्या बोलीने जेवण घालणाऱ्या खाणावळी निघाल्या.

परंतु खाणावळ निघाली म्हणजे पंगत एक झाली असे समजण्याचे कारण नाही. जातीजातींच्या खाणावळी वेगळ्या असत. चहाच्या दुकानांत निरनिराळे लोक एका छपराखाली येऊ लागले खरे, तथापि तेथेही अस्पृश्य मानलेल्या माणसाची कपबशी निराळी ठेवीत व ती त्याची त्यानेच विसळून ठेवावी असा दंडक असे. त्याच्या खिशातील आणा दुकानदारास चाले, ओठ मात्र चालत नसत. या अन्यायाविरुद्ध वऱ्हाडात जी चळवळ झाली तिचे एक ठळक वर्ष 1927 हे होय. त्या वर्षी अमरावतीच्या अंबादेवी मंदिरात सर्वांस प्रवेश मिळावा म्हणून आंदोलन झाले. डॉ. पंजाबराव देशमुख यांनी त्यात पुढाकार घेतला, आणि नोव्हेंबर महिन्यात डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या अध्यक्षतेखाली अमरावतीस परिषद भरली. प्रश्न देवळाच्या उंबरठ्याचा दिसत असला, तरी विहीर, शाळा आणि उपाहारगृह यांचे उंबरठे त्यात आपोआपच येत होते.

26 जानेवारी 1950 रोजी भारताची राज्यघटना अमलात आली. तिच्या 15 व्या अनुच्छेदात दुकाने, सार्वजनिक उपाहारगृहे व हॉटेले यांत धर्म, वंश, जात, लिंग किंवा जन्मस्थान या कारणांवरून कोणासही मज्जाव करता येणार नाही, असे स्पष्ट म्हटले आहे. 17 व्या अनुच्छेदाने अस्पृश्यता नष्ट केली, आणि 1955 च्या कायद्याने तिचे आचरण हा शिक्षेस पात्र असा गुन्हा ठरविला. आज अकोल्याच्या एखाद्या साध्या भोजनालयात चार अनोळखी माणसे एका टेबलाशी बसून एकाच पातेल्यातील वरण घेतात आणि एकमेकांचे नावही विचारीत नाहीत. ही किरकोळ दिसणारी गोष्ट मिळविण्यास किती खटाटोप करावा लागला, याचे स्मरण ठेवावे एवढ्यासाठी हा इतिहास सांगितला.

आता त्या पानात काय असते ते पाहू. वऱ्हाडी जेवणाचा पाया ज्वारीची भाकरी हा होय. तिच्या जोडीला झुणका, हिरव्या मिरचीचा ठेचा, वांग्याचे भरीत, कढीगोळे आणि पातोडीचा रस्सा हे पदार्थ येतात. बेसनाच्या वड्या थापून त्या तिखट रश्शात सोडल्या की पातोडी होते. हिवाळ्यात शेतात गोवऱ्यांच्या आहारावर भाजलेले रोडगे आणि वांग्याची भाजी असा बेत करण्याची चाल आहे. शहरातील काही भोजनालयेही तो करितात. अमरावतीचा गिला वडा प्रसिद्ध आहे. मांसाहारी मनुष्यास नागपूरकडून आलेले सावजी पद्धतीचे कालवण मिळते. ही पद्धत मूळची हलबा कोष्टी समाजाच्या घरांतील. परगावच्या माणसाने ध्यानात ठेवावे की, या रश्शांवरील लाल तर्री दिसते त्याहून कडक असते. तर्री कमी घालण्यास सांगितले असता वाढणारा रागावत नाही.

येथून पेल्याकडे वळू. मद्याविषयी वऱ्हाडचा कायदा जुना आहे. मध्यप्रांत व वऱ्हाड यांच्या कायदेमंडळाने 1938 साली दारूबंदीचा कायदा करून निवडक भागांत तो प्रयोग सुरू केला. मुंबई प्रांताने 1949 साली आपला व्यापक कायदा केला, आणि 1956 साली वऱ्हाड मुंबई राज्यात आल्यावर पुढे तोच इकडेही लागू झाला. आज तो महाराष्ट्र दारूबंदी कायदा या नावाने ओळखला जातो. मौज अशी की, या कायद्याचे मूळ सूत्र बंदी हे आहे आणि परवानगी हा त्यास केलेला अपवाद आहे. म्हणूनच मद्य देणाऱ्या खोलीस ‘परमिट रूम’ म्हणतात, म्हणजे परवाना असणारांची खोली. पिणाऱ्याजवळ परवाना असावा लागतो. तो एका दिवसाचा, एका वर्षाचा अथवा आजन्म मिळतो. कित्येक ठिकाणी तो कोणी विचारीत नाही, पण विचारला तर दाखविण्याची जबाबदारी पिणाऱ्याची आहे. व्हिस्की, ब्रँडी इत्यादी कडक मद्यांसाठी वयाची 25 वर्षे पुरी असावी लागतात, सौम्य बियरसाठी 21. 26 जानेवारी, 15 ऑगस्ट व 2 ऑक्टोबर या दिवशी विक्री बंद असते, आणि निवडणुकीच्या वेळी मतदान संपण्यापूर्वीचे 48 तासही कोरडे जातात.

प्रवाशाने जिल्ह्याची सीमाही ओळखून असावे. अमरावती जिल्ह्यातून वर्धा नदी ओलांडली की वर्धा जिल्हा लागतो. गांधीजींच्या सेवाग्रामामुळे त्या जिल्ह्यात 1974 पासून पूर्ण दारूबंदी आहे. अमरावतीस विकत घेतलेली बाटली पिशवीत घालून जो नदीपार जाईल, तो पुलाच्या एका टोकास गिऱ्हाईक आणि दुसऱ्या टोकास आरोपी ठरू शकतो.

अलीकडे शिकलेल्या घरांतून एक समज पसरला आहे तो असा की, वाईन म्हणजे दारू नव्हे, ते एक फळांचे सभ्य पेय होय. या समजाची परीक्षा केली पाहिजे. द्राक्षांचा रस आंबविला म्हणजे त्यातील साखरेचे मद्यार्कात रूपांतर होते व वाईन तयार होते. आंबविलेल्या पदार्थाचे ऊर्ध्वपातन केले की ब्रँडी, व्हिस्की यांसारखी कडक मद्ये होतात. महाराष्ट्रात 1980 नंतरच्या दशकात नारायणगावास आणि पुढे नाशिकच्या परिसरात द्राक्षांची वाईन होऊ लागली, आणि 2001 साली राज्य शासनाने या उद्योगास उत्तेजन देणारे धोरण जाहीर केले. ती वाईन आता वऱ्हाडातील उपाहारगृहांतही येते. तिच्यात मद्यार्काचे प्रमाण शेकडा 12 च्या आसपास असते, कडक मद्यात शेकडा 42.8. येथपर्यंत वाईन सौम्य खरी. पण मनुष्य शेकडेवारी पीत नाही, पेला पितो. 150 मिलिलिटर वाईनच्या पेल्यात 18 मिलिलिटर मद्यार्क असतो. 30 मिलिलिटर व्हिस्कीत तो 13 मिलिलिटरांहून थोडा कमीच भरतो. शेकडा 8 च्या कडक बियरची 650 मिलिलिटरांची बाटली घेतली तर तिच्यात 52 मिलिलिटर, म्हणजे अशा चार मापांइतका मद्यार्क निघतो. सौम्य म्हणून निःशंकपणे घेतलेला पेला अशा रीतीने कडक म्हणून भीत भीत घेतलेल्या मापाहून अधिक भरतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोगविषयक संस्थेने 1988 सालीच मद्यपेयांची गणना कर्करोगास कारण होणाऱ्या पदार्थांत केली आहे. द्राक्षांचे म्हणून वाईनला त्यातून सूट दिलेली नाही.

ज्याला ती घ्यावयाचीच आहे त्याने वऱ्हाडचा उन्हाळा विसरू नये. लाल वाईन खोलीच्या उष्णमानात द्यावी असे विलायती पुस्तकांत लिहिलेले असते; ती खोली 16 ते 18 अंशांची. अकोल्यास मे महिन्यात पारा 45 अंशांपलीकडे जातो, तेव्हा तो नियम येथे शब्दशः पाळला तर पेल्यात कोमट औषध येईल. वाईन उष्णतेने बिघडते, म्हणून बाटली थंड जागी ठेवली होती काय हे विचारावे. उघडून चार दिवस झालेल्या बाटलीतील पेला नाकारावा. दुसरे असे की, तिखट आणि मद्य यांचे सख्य नाही. तोंडातील ज्या संवेदनेने मिरचीची आग कळते ती मद्यार्काने अधिक तीव्र होते. सावजी रश्शावर वाईन घेणारा आगीत तेल ओततो. ती आग शमविण्यास दही किंवा ताक हेच योग्य. शिवाय मद्याने लघवी वाढून शरीरातील पाणी कमी होते, आणि वऱ्हाडच्या उन्हात पाणी गमावणे हा खेळ नव्हे. पेल्याइतकेच पाणी बरोबर प्यावे, आणि रिकाम्या पोटी तर मुळीच पिऊ नये.

वाहनाचा विचार शेवटी ठेवण्याजोगा नाही, तो निघण्यापूर्वीच करावा. अमरावती व अकोला यांमध्ये सुमारे शंभर किलोमीटरांचा महामार्ग आहे. त्यावर रात्रंदिवस मालमोटारी धावतात. 100 मिलिलिटर रक्तात 30 मिलिग्रॅमहून अधिक मद्यार्क आढळला तर वाहन चालविणारा गुन्हेगार ठरतो, आणि 2019 च्या दुरुस्तीप्रमाणे पहिल्याच अपराधास दहा हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही शिक्षा आहेत. यकृत तासाला साधारण 7 ते 10 ग्रॅमच मद्यार्क निकालात काढते, आणि एका पेला वाईनमध्ये तो 14 ग्रॅम असतो. कडक चहा, थंड पाण्याची अंघोळ किंवा लिंबू यांनी हा हिशेब बदलत नाही. जो चालविणार त्याने पिऊ नये, इतकाच नियम बिनचूक आहे.

वऱ्हाडच्या भूमीत या प्रश्नाला आणखी एक बाजू आहे. अमरावती जिल्ह्यातील शेंडगाव येथे 1876 साली जन्मलेले संत गाडगे महाराज स्वतः मडक्याच्या खापरात भाकरी खात; पण त्यांनी पंढरपूर, नाशिक, आळंदी, देहू येथे परगावच्या गोरगरिबांसाठी धर्मशाळा उभारल्या. त्याच महाराजांनी गावोगावच्या कीर्तनांतून अस्पृश्यता पाळू नका आणि दारू पिऊ नका असे एकाच दमात सांगितले. त्यांना या दोन गोष्टींत विसंगती दिसली नाही. पानाचे दार मोकळे व्हावे आणि पेल्याचे दार लहान राहावे, या दोन्ही मागण्या एकाच करुणेतून निघतात. कापूस विकून आलेल्या शेतकऱ्याचा पैसा बाजारच्या गावीच पेल्यात बुडाला, तर घरी वाट पाहणाऱ्या मुलांच्या पानात काय पडणार? हे ओळखूनच महाराष्ट्रात मतदानाने आडवी बाटली करून दुकान बंद पाडण्याचा मार्ग कायद्याने ठेविला आहे, आणि त्याचा उपयोग करण्यात स्त्रिया पुढे आहेत.

शहरातील सुशिक्षित गृहस्थास परवाना मिळतो, पैसा परवडतो, आणि त्याचा पेला कोणाच्या घरची चूल विझवीत नाही असे त्याला वाटते. तो घेणे न घेणे त्याच्या विवेकाचा भाग आहे. परंतु परगावी यजमान म्हणून किंवा पाहुणा म्हणून टेबलाशी बसल्यावर एक शिष्टाचार त्याने अवश्य पाळावा: जो घेत नाही त्याला आग्रह करू नये, त्याची थट्टा करू नये, आणि त्याच्यासाठी ताकाचा पेला सर्वांच्या आधी मागवावा. वाढप्यास आदराने हाक मारावी, कारण परक्या गावात आपल्या पानाची काळजी वाहणारा तो पहिला माणूस असतो. आणि बिल देताना हिशेब दोनदा पाहावा: एकदा रुपयांचा, एकदा पेल्यांचा.