जीवाश्म मोती: चमक नव्हे, थर पाहा

सुरतजवळच्या इच्छापोरच्या हिरेबाजारात हिऱ्याचं मोल बरंचसं चकाकीवर ठरतं. जीवाश्म मोत्याचा हिशेब उलटा. मोत्याची झळाळी अरॅगोनाइट या खनिजाच्या सूक्ष्म पापुद्र्यांमुळे असते. लाखो वर्षांत त्याचं बहुधा कॅल्साइट होतं, थरांना जोडणारं सेंद्रिय द्रव्य नष्ट होतं आणि उरते मळकट, खडूसारखी गोळी. सराफ तिच्याकडे ढुंकूनही पाहणार नाही.

सुरत-भरूच पट्ट्यातल्या इओसीन काळातल्या चुनखडीत गोल, चपटे न्युम्युलाइट सापडतात. घाईत त्यांना मोती समजू नका. ते एकपेशी सागरी जीवांचे सांगाडे. फुटलेल्या तुकड्यावर भिंग धरलं, की चकलीसारखी वेटोळी आणि त्यातले चिमुकले कप्पे दिसतात. मोत्यात कप्पे नसतात, कांद्यासारखे एकात एक थर असतात. तेवढ्यानेही भागत नाही, कारण चुनखडीतल्या साध्या गाठींनाही असे थर असू शकतात. सर्वांत भक्कम पुरावा म्हणजे शिंपल्याच्या आतल्या बाजूला चिकटलेला मोती. तो खरवडून सुटा करणं हा शुद्ध करंटेपणा! शिंपल्यासकट उचला आणि जागा व खडकाचा थर तिथेच टिपून ठेवा. खाणीत किंवा कुणाच्या शेतात शिरण्याआधी परवानगी मात्र हवीच.