अनंतानं कॅन्टरला वेड लावलं का?



मागच्या भागात आपण गेऑर्ग कॅन्टरचं गणित पाहिलं. अनंतालाही लहान-मोठे आकार असतात, हे त्यानं कसं दाखवलं ते पाहिलं. शेवटी मी घाईघाईत एक वाक्य बोलून गेलो, की या माणसाला आयुष्याच्या उत्तरार्धात पुन्हा पुन्हा मनोरुग्णालयात राहावं लागलं. त्यानंतर मला अनेकांनी एकच प्रश्न विचारला: ‘अनंताचा विचार करून करूनच त्याचं डोकं फिरलं ना?’

हा प्रश्न माझ्या घरातलाच आहे. माझे धाकटे काका इंदूरला गणितात एम.एस्सी. करत होते. दुसऱ्या वर्षाला असताना ते रात्र-रात्र जागू लागले, भराभर बोलू लागले, आपल्याला काहीतरी मोठं सापडलंय असं सगळ्यांना सांगू लागले. आणि मग अचानक सगळं थांबलं. महिनोन्महिने ते अंथरुणातून उठेनात. घरानं निदान केलं, ‘फार अभ्यास केला, डोक्यात गेलं.’ आजीनं त्यांची पुस्तकं रद्दीत घातली. मनोविकारतज्ज्ञाकडे न्यायला अकरा वर्षं गेली. तेव्हा आजचा विषय माझ्यासाठी नुसता इतिहास नाही, हे आधीच सांगून टाकतो.

आधी गणिताची एक छोटी उजळणी. लग्नाच्या पंगतीत माणसं किती आणि पानं किती हे न मोजताही कळतं. प्रत्येक पानावर एक माणूस बसला, कुणी उभं राहिलं नाही, एकही पान रिकामं राहिलं नाही, म्हणजे दोन्ही संख्या सारख्या. कॅन्टरनं हीच जोड्या लावण्याची युक्ती अनंत समूहांना लावली. १८७४ साली त्यानं सिद्ध केलं, की १, २, ३ अशा मोजसंख्यांच्या पानांवर रेषेवरचे सगळे बिंदू बसवताच येत नाहीत. कशीही मांडणी करा, कुणीतरी उभं राहतंच. म्हणजे रेषेवरच्या बिंदूंचं अनंत मोजसंख्यांच्या अनंतापेक्षा मोठं. मग या दोहोंच्या मधल्या आकाराचं एखादं अनंत आहे का? कॅन्टरचं म्हणणं, नाही. पण हे त्याला सिद्ध करता येईना. हा प्रश्न लक्षात ठेवा, आपल्याला पुढे लागणार आहे.

आता माणसाकडे वळू. कॅन्टरचा जन्म १८४५ चा, सेंट पीटर्सबर्गचा. अकरा वर्षांचा असताना कुटुंब जर्मनीत आलं. बर्लिनमध्ये शिकला, १८६९ पासून हाले या गावच्या विद्यापीठात शिकवू लागला, आणि बर्लिनची स्वप्नं पाहत आयुष्यभर तिथंच राहिला. १८८४ च्या मे महिन्यात, वयाच्या एकोणचाळिसाव्या वर्षी, त्याला मानसिक आजाराचा पहिला मोठा झटका आला. तो महिन्याभराहून थोडा अधिक टिकला. पुढची बरीच वर्षं त्यानं काम केलं, उत्तम काम केलं. १८९९ पासून मात्र रुग्णालयाच्या फेऱ्या सुरू झाल्या. ६ जानेवारी १९१८ ला तो हालेच्या मनोरुग्णालयातच वारला.

हे का झालं? याची चार उत्तरं दिली जातात. एकेक तपासू.

पहिलं उत्तर, क्रोनेकर. लिओपोल्ड क्रोनेकर हा बर्लिनचा बडा गणिती, एके काळचा कॅन्टरचा शिक्षक. पूर्णांकांपासून मोजक्या पायऱ्यांत जे बांधता येतं तेवढंच गणित, असं त्याचं मत. त्याच्या लेखी कॅन्टरचं अनंत म्हणजे हवेतले मनोरे. त्यानं विरोध केला हे खरं, आणि कॅन्टरला तो फार लागला हेही खरं. त्याची पत्रं या तक्रारींनी भरलेली आहेत. पण तारखा बघा. १८८४ चा झटका आला तो पॅरिसच्या सहलीनंतर लगेच, आणि ती सहल चांगली झाली होती. तिथल्या गणितज्ञांनी त्याचं आदरानं स्वागत केलं होतं. त्याच उन्हाळ्यात कॅन्टरनं स्वतःहून क्रोनेकरला समेटाचं पत्र लिहिलं आणि त्याचं उत्तरही सभ्य आलं. १८९० साली जर्मन गणितज्ञांची संघटना उभी राहिली, कॅन्टर तिचा पहिला अध्यक्ष झाला, आणि पहिल्या अधिवेशनात बोलायला त्यानं क्रोनेकरलाच बोलावलं. क्रोनेकर १८९१ च्या डिसेंबरात वारला. कॅन्टरचे वारंवार येणारे, लांबलेले आजार त्यानंतरचे आहेत. छळणारा गेल्यावर आजार वाढतो, याचा अर्थ मूळ दुसरीकडे आहे.

दुसरं उत्तर, तो न सुटणारा प्रश्न. १८८४ च्या ऑगस्टमध्ये कॅन्टरनं मित्राला कळवलं की मधलं अनंत नसल्याचं सिद्ध झालं. नोव्हेंबरात कळवलं की नाही, उलटच सिद्ध झालं. दुसऱ्याच दिवशी तेही मागे घेतलं. वाचणाऱ्याला वाटतं, या हेलकाव्यांनीच त्याला आजारी पाडलं. पण झटका मे महिन्यातला, हेलकावे नंतरचे. मला तर उलटा क्रम अधिक पटतो. अवघड प्रश्नानं मन अस्थिर झालं असं नसून, आधीच अस्थिर झालेलं मन अवघड प्रश्नावर असं झुलत होतं. त्यात दैवाचा खेळ असा, की हा प्रश्न त्याला सुटणारच नव्हता. गोडेल आणि १९६३ साली पॉल कोहेन यांच्या कामातून कळलं, की आज सर्वमान्य असलेल्या गृहीतकांवरून तो खराही ठरवता येत नाही आणि खोटाही.

तिसरं उत्तर, वडील. १९३७ साली एरिक टेम्पल बेल यांचं गणितज्ञांच्या चरित्रांचं एक पुस्तक आलं, ते अफाट खपलं. त्यात गोष्ट अशी, की बापानं मुलाला जबरदस्तीनं इंजिनिअर करायचं ठरवलं आणि त्या दडपणानं मुलाचं मन कायमचं मोडलं. वडिलांची इच्छा इंजिनिअरिंगची होती, यात खोटं नाही. आपल्याकडे हे कुणाला नवल वाटणार? पण त्यांनी १८६२ साली गणिताला परवानगी दिली, आणि त्यावर मुलानं लिहिलेलं पत्र आनंदानं ओसंडून वाहतंय. पुढं १९७१ मध्ये आयव्हर ग्रॅटन-गिनेस आणि १९७९ मध्ये जोसेफ डॉबेन या अभ्यासकांनी मूळ कागदपत्रं तपासून बेलची ही गोष्ट बाजूला केली.

चौथं उत्तर याच अभ्यासकांना जवळचं वाटलं. कॅन्टरला बहुधा तो आजार होता ज्याला आज आपण बायपोलर म्हणतो. कधी मनाला उधाण, कधी गाढ नैराश्य, आणि मधल्या काळात माणूस अगदी व्यवस्थित. उधाणात कल्पनांचा पूर येतो, झोप नकोशी होते, एखादी गोष्ट मनाचा ताबा घेते. शेक्सपिअरची नाटकं फ्रान्सिस बेकननं लिहिली, हे सिद्ध करण्यामागे कॅन्टर असाच लागला होता. त्यावर त्यानं पुस्तिकाही छापल्या. खाली उतरताना मात्र आत्मविश्वासच जाई. १८९९ मध्ये त्यानं सरकारला लिहिलं, की प्राध्यापकी नको, कुठंतरी ग्रंथालयात शांत नोकरी द्या. योगायोग असा, की त्याच वर्षी एमिल क्रेपेलिन या जर्मन मनोविकारतज्ज्ञानं आपल्या पाठ्यपुस्तकाच्या नव्या आवृत्तीत या आजाराची ठळक मांडणी केली. आजाराला नाव मिळालं, पण औषध नव्हतं. लिथियमचा उपयोग ऑस्ट्रेलियाच्या जॉन केडनं दाखवला तो १९४९ मध्ये.

मेलेल्या माणसाचं निदान शंभर वर्षांनी खात्रीनं करता येत नाही, म्हणून मी ‘बहुधा’ म्हणालो. पण नमुना जुळतो.

मग बाकीच्या गोष्टींचं काय? त्या काहीच नव्हत्या का? इथं मूळ कारण आणि निमित्त यांत फरक करायला हवा. मुसळधार पावसात एखाद्या घराची भिंत पडते, शेजारच्या घराची पडत नाही. पाऊस दोघांवर सारखाच पडलेला असतो. बायपोलरमध्ये आनुवंशिकतेचा वाटा मोठा आहे, हे जुळ्यांच्या अभ्यासांतून दिसलं आहे. आई-वडिलांपैकी एकाला आजार असला, तरी बहुतेक मुलांना तो होत नाही, हेही तितकंच खरं. म्हणजे भिंतीतला ओलावा जन्माचा, आणि वरून आयुष्याचा पाऊस.

कॅन्टरवर तो पाऊस फार पडला. १८९६ मध्ये आई गेली. १८९९ च्या सुरुवातीला धाकटा भाऊ गेला. त्याच वर्षीच्या डिसेंबरात तो लाइपझिगला बेकनवर व्याख्यान द्यायला गेलेला असताना घरी धाकटा मुलगा रुडॉल्फ अचानक वारला. मुलाला तेरावं वर्षही पुरं झालं नव्हतं. १९०४ मध्ये हायडेलबर्गच्या परिषदेत ज्युलियस क्योनिग या गणितज्ञानं भर सभेत, कॅन्टरच्या मुली समोर बसलेल्या असताना, त्याचं म्हणणं चूक असल्याची सिद्धता मांडली. थोड्याच काळात त्या सिद्धतेतच चूक निघाली, पण घाव बसायचा तो बसला. शेवटी महायुद्धाची उपासमार. १९१७ च्या जूनमध्ये त्याला पुन्हा रुग्णालयात ठेवलं, तेव्हा तो बायकोला पत्रांतून घरी न्यायची विनवणी करत राहिला.

राहिला मूळ प्रश्न: अनंताचा विचार. त्याचा जवळचा मित्र रिचर्ड डेडेकिंड अनंताच्याच गणितात आयुष्यभर रमला आणि ८४ वर्षं शांतपणे जगला. अनंत माणसाला वेडं करत असतं, तर त्यालाही केलं असतं. उलट, कर्णरेषेची ती सुंदर सिद्धता कॅन्टरनं १८९१ मध्ये मांडली, पहिल्या झटक्यानंतर सात वर्षांनी. गणितानं त्याला आजारी पाडलं नाही. आजारातून उठून तो गणिताकडे परत येत होता.

हे मी एवढं लावून का धरतो? कारण ‘फार विचार केला म्हणून झालं’ या समजुतीची किंमत माणसं मोजतात. बिहारचे वसिष्ठ नारायण सिंह बर्कलीहून पीएच.डी. होऊन आले, स्किझोफ्रेनियानं त्यांचं आयुष्य उद्ध्वस्त झालं, आणि आपण मात्र त्यांच्या अफाट बुद्धीच्या दंतकथा सांगत राहिलो. हुशारीचा शाप म्हटलं की उपचाराची जबाबदारी कुणाचीच उरत नाही.

आमचे काका आता साठीच्या पुढे आहेत. गोळ्या नियमित चालू आहेत, शेजारच्या मुलांची दहावीची गणितं घेतात. मागच्या दिवाळीत त्यांनी मला विचारलं, ‘माझी ती पुस्तकं खरंच रद्दीत गेली का रे?’ मी हो म्हटलं. ते थोडा वेळ गप्प बसले, मग म्हणाले, ‘पुस्तकं नाही रे काही केलं.’

तुमच्या घरात असं कुणी असेल, तर अकरा वर्षं थांबू नका. सरकारची टेलि-मानस सेवा १४४१६ या क्रमांकावर आहे, फोन करता येतो. आणि त्या माणसाची पुस्तकं जपून ठेवा. बरं वाटल्यावर त्याला ती लागतील.

पुढच्या भागात तो न सुटणारा प्रश्न घेऊ. भेटूच.