बदलती धोरणे आणि आरोग्यक्षेत्रातील आपली गुंतवणूक

गणेशोत्सवात किंवा कोजागरीला आपली मंडळी एकत्र जमली, की दोन प्रश्न मला हमखास विचारले जातात. नुकताच एम.डी. झालेला तरुण सहकारी विचारतो, ‘सर, स्वतःचे हॉस्पिटल काढू, की कॉर्पोरेट रुग्णालयात रुजू होऊ?’ आणि बँकेतून निवृत्त झालेले एखादे काका विचारतात, ‘डॉक्टर, हॉस्पिटलांचे शेअर घेऊन ठेवावेत का?’ प्रश्न वरवर वेगळे दिसले तरी त्यांचे मूळ एकच आहे. ज्या व्यवसायाचे नियम सरकार वरचेवर बदलते, त्यात आपली आयुष्याची पुंजी किती आणि कशी घालावी? मी अर्थशास्त्रज्ञ नव्हे, मुलांचा डॉक्टर. तथापि या शहरात व्यवसाय करताना जे पाहिले, ते आपणांपुढे ठेवावेसे वाटते.

सवलत संपते, अट उरते

सुरुवात एका जुन्या उदाहरणाने करतो. १९८८ मध्ये केंद्र सरकारने एका अधिसूचनेद्वारे रुग्णालयांना परदेशी यंत्रसामग्रीवरील सीमाशुल्क माफ केले. अट अशी, की किमान ४० टक्के बाह्यरुग्णांवर मोफत उपचार करावेत आणि दरमहा ५०० रुपयांहून कमी उत्पन्न असलेल्या कुटुंबांसाठी १० टक्के खाटा राखून ठेवाव्यात. देशभर अनेकांनी ही सवलत घेऊन यंत्रे आणली. १९९४ मध्ये सवलत मागे घेतली गेली. मात्र पुढे मेडिवेल हॉस्पिटल खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले, की ज्यांनी सवलत घेतली त्यांचे मोफत उपचारांचे बंधन निरंतर आहे. नोंदवह्या नीट न ठेवलेल्यांना शुल्क मागणाऱ्या नोटिसांना तोंड द्यावे लागले. सरकारी सवलत हे एक प्रकारचे कर्जच असते, हा त्यातील धडा आहे.

आयकराच्या सवलतींची कथा निराळी. कलम ३५ एडी अन्वये एप्रिल २०१० पासून सुरू होणाऱ्या नव्या रुग्णालयांना भांडवली खर्चाची पूर्ण वजावट मिळू लागली. ती पुढे दीडपट झाली आणि २०१७ पासून पुन्हा शंभर टक्क्यांवर आली. परंतु अट किमान १०० खाटांची होती. वीस खाटांचे नर्सिंग होम चालविणाऱ्या आपल्यासारख्यांच्या वाट्याला त्यातले काही आले नाही. जानेवारी २००० पासून रुग्णालयांत शंभर टक्के विदेशी गुंतवणुकीस मुभा मिळाली होतीच. धोरणाचा कल मोठ्या भांडवलाकडे होता, हे मान्य करूनच लहानांनी आपले गणित मांडायला हवे.

पन्नास खाटांचा मोह

आपल्या पिढीपुढचा सर्वांत मोठा धोरणबदल म्हणजे आरोग्यश्री. १ एप्रिल २००७ रोजी तत्कालीन आंध्र प्रदेशात महबूबनगर, अनंतपूर आणि श्रीकाकुलम या तीन जिल्ह्यांत ती सुरू झाली आणि २००८ मध्ये राज्यभर पोहोचली. पांढरी शिधापत्रिका असलेल्या कुटुंबाला वर्षाला दीड लाख रुपयांपर्यंत आणि गरजेनुसार आणखी ५० हजारांपर्यंत संरक्षण मिळाले. जन्मजात हृदयदोष असलेली, जन्मतः बहिरी असलेली, श्वासयंत्रावर ठेवावी लागणारी बालके प्रथमच पैशाअभावी परत जाईनाशी झाली. महाराष्ट्राने याच धर्तीवर २ जुलै २०१२ रोजी राजीव गांधी जीवनदायी योजना आठ जिल्ह्यांत सुरू केली. त्यांत आपल्याकडे नेहमी रुग्ण पाठविणारा नांदेडही होता.

योजनेत सामील होण्यासाठी सुरुवातीच्या निकषांनुसार किमान ५० खाटा लागत. माझ्याकडे त्या वेळी अठरा होत्या. एका समव्यवसायी मित्राकडे बावीस. आम्ही दोघे एकाच सनदी लेखापालाकडे बसून हिशेब केला. वरचा मजला, नवजात अतिदक्षता विभाग, दोन श्वासयंत्रे, परिचारिकांच्या तीन पाळ्या. कागदावर सारे जमत होते, पण त्यात एकच गृहीतक होते : बिले दोन महिन्यांत मिळतील. मित्राने घर तारण ठेवून मजला चढविला. मी माघार घेतली.

पुढील पाच-सहा वर्षांत त्याने शेकडो अर्भके वाचविली. मी मात्र धाप लागलेल्या बाळाला रुग्णवाहिकेत घालून दुसरीकडे धाडत राहिलो, आणि गाडी वळणाआड जाईपर्यंत दारात उभा राहत असे. पण बिले दोन महिन्यांऐवजी सहा-सात महिन्यांनी येऊ लागली. बँकेचा हप्ता मात्र पाच तारखेलाच जाई. परिचारिकांचे पगार थकले, त्या सोडून गेल्या. अखेर मित्राने ते रुग्णालय विकले आणि त्याच वास्तूत पगारी डॉक्टर म्हणून काम पत्करले. आम्हां दोघांत शहाणा कोण, हे मी अद्याप ठरवू शकलेलो नाही. आजारी बाळांना त्याचा उपयोग माझ्यापेक्षा अधिक झाला, एवढे निश्चित. त्याची चूक धाडसाची नव्हती. खेळते भांडवल न राखण्याची होती.

ही अडचण एकट्याची नव्हे. सप्टेंबर २०२५ मध्येही तेलंगणातील अनेक संलग्न रुग्णालयांनी थकबाकीपोटी योजनेखालील सेवा काही दिवस थांबविल्या होत्या. त्याआधी डिसेंबर २०२३ मध्ये योजनेची मर्यादा १० लाखांपर्यंत वाढविली गेली होती. मर्यादा वाढविणे एका घोषणेचे काम आहे. बिले वेळेवर चुकविणे दर महिन्याचे.

शेअर बाजारातील आरोग्य

आता काकांच्या प्रश्नाकडे वळू. आपल्याच शहरातील केआयएमएस जून २०२१ मध्ये आणि १९९९ साली बंजारा हिल्समध्ये ५० खाटांनिशी सुरू झालेले रेनबो हे मुलांचे रुग्णालय मे २०२२ मध्ये शेअर बाजारात आले. पहिले निर्गम किमतीच्या वर उघडले, दुसरे पहिल्याच दिवशी निर्गम किमतीच्या खाली गेले. पहिल्या दिवसावरून रुग्णालयाची पारख होत नाही, एवढेच त्यावरून समजावे.

धोरणाचा फटका किती अचानक बसतो, हे १३ फेब्रुवारी २०१७ रोजी दिसले. औषध किंमत प्राधिकरणाने साध्या स्टेंटची कमाल किंमत ७,२६० रुपये आणि औषधयुक्त स्टेंटची २९,६०० रुपये ठरविली. रुग्णांना दिलासा मिळाला आणि जी रुग्णालये उपकरणांच्या नफ्यावर अवलंबून होती, त्यांना आपले दरपत्रक नव्याने मांडावे लागले. म्हणून शेअर घेण्यापूर्वी नफ्याचा आकडा पाहून थांबू नये. खाटा किती भरलेल्या असतात, कर्ज किती आहे, नव्या इमारती किती जुन्या आहेत (नवे रुग्णालय स्वतःच्या पायावर उभे राहण्यास काही वर्षे घेते), आणि उत्पन्नाचा किती भाग एकाच देणेकऱ्याकडून येतो, हेही पाहावे.

डॉक्टर बंधुभगिनींना मात्र एक वेगळे सांगणे आहे. आपले मासिक उत्पन्न, आपले नर्सिंग होम आणि अनेकदा आपल्या मुलांचे करिअर याच एका क्षेत्रावर उभे असते. त्यात बचतही रुग्णालयांच्या शेअरमध्ये घातली, तर एका अधिसूचनेने घराचे चारही खांब एकदम हलतील. बँकेतून निवृत्त झालेल्या काकांना हा धोका नाही, आपल्याला आहे.

थोडक्यात सांगायचे तर

तरुण सहकाऱ्यांनी हॉस्पिटल जरूर काढावे. मात्र सहा महिन्यांचे पगार आणि हप्ते वेगळे ठेवल्याशिवाय काढू नये. कोणतीही एक योजना वा विमा कंपनी एकूण उत्पन्नाच्या तृतीयांशाहून अधिक होऊ देऊ नये. यंत्राचे आयुष्य संपण्यापूर्वी त्याचे कर्ज संपावे. सवलत घेतली, तर तिच्या अटींची वही पहिल्या दिवसापासून ठेवावी. आणि शक्य असेल, तर दोघा-तिघांनी मिळून काढावे. २००८ साली मी आणि माझा मित्र शेजारी शेजारी बसून दोन वेगळे हिशेब करीत होतो. त्याच्या बावीस आणि माझ्या अठरा मिळून चाळीस खाटा झाल्या असत्या आणि पन्नाससाठी केवळ दहाच कमी पडल्या असत्या. ती बेरीज त्या दिवशी आम्हां दोघांना, आणि आमच्या लेखापालालाही, सुचली नाही. पुढच्या पिढीला ती सुचावी, आणि आपल्या संघटनेने त्यासाठी त्यांना एकत्र बसवावे, एवढीच इच्छा.