उंच गाडीचा आस : कंपनीचा की बाजाराचा?

इतवारा, शनवारा अशी वारांची नावे मिरविणाऱ्या आमच्या बुऱ्हाणपूरची ओळख बाहेरगावच्या वाचकांना असते ती कुंडी भंडाऱ्यामुळे, शाही किल्ल्यामुळे, फार तर यंत्रमागांच्या खडखडाटामुळे. परंतु येथील कितीतरी घरांचा वर्षाचा खर्च केळीच्या बागेवर चालतो, आणि केळीचे घड बागेतून डांबरी रस्त्यापर्यंत येतात ते पिकअप गाडीच्या भरवशावर. तापीकाठची काळी जमीन पावसाळ्यात चाक असे धरून ठेवते की गाडी पोटावर बसते. म्हणून गाडी उंच करून घेण्याकडे अलीकडे पुष्कळांचा ओढा दिसतो. मागच्या पाट्यांखाली ठोकळे बसवावेत, टायर मोठे घालावेत, की झाले! पुढे एखाद्या दिवशी भरल्या गाडीचा आस तुटतो आणि मिस्त्री विचारतो, “शेठ, कंपनीचा आणू की बाजारातला चालेल?” दोन्हींच्या किमतींतील अंतर पाहून गृहस्थाचा जीव खालीवर होतो.

बैलगाडीत आस जागच्या जागी स्थिर असे व चाक त्याच्याभोवती फिरे. वेळेवर वंगण घातले की मालकाचे कर्तव्य संपले. मोटारीत आसच फिरतो आणि चाकाला फिरवितो. त्यामुळे कोणाचा आस घ्यावा याआधी आपल्या गाडीत तो कोणते काम करतो हे विचारले पाहिजे. हा प्रश्न बहुधा कोणी विचारीत नाही, आणि आमच्या मते साऱ्या व्यवहाराची किल्ली तेथेच आहे.

जड ट्रकांच्या मागच्या चाकांत गाडीचे ओझे बाहेरच्या नळीवर, म्हणजे हाऊसिंगवर असते. आतला आस फक्त पीळ सोसतो. तो तुटला तर ट्रक जागी उभा राहतो, पण चाक आपल्या ठिकाणी असते. कित्येक हलक्या गाड्यांत मात्र तोच आस चाकही फिरवितो आणि ओझेही वाहतो. तेथे तो तुटला तर चाकासकट बाहेर निसटू शकतो. अशीरगडाजवळचा उतार, मागे घडांचे ओझे, शेजारी घरचा मुलगा बसलेला. अशा वेळी दुकानात वाचविलेल्या रुपयांचे मोल काय राहते, हे सुज्ञांस सांगणे नलगे. ओझे वाहणारा आस घ्यावयाचा तो कंपनीचाच, किंवा कंपनीला माल पुरविणाऱ्या कारखान्याने स्वतःच्या नावाने विकलेला. निव्वळ फिरणाऱ्या आसाच्या बाबतीत नामांकित बाजारी मालाला आमची हरकत नाही.

‘बाजारी’ या एकाच शब्दात दोन निराळ्या वस्तू कोंबल्या जातात. मोटारकंपन्या सगळेच भाग स्वतः घडवीत नाहीत. पंजाबातील जीएनए, म्हैसूरची १९८१ साली स्थापन झालेली ऑटोमोटिव्ह ॲक्सल्स अशा कारखान्यांचा हाच व्यवसाय आहे. असा नावाचा माल एकीकडे, आणि कोऱ्या खोक्यातला निनावी माल दुसरीकडे. दोन्ही आस लांबीला सारखे, दातेही मोजून तितकेच. फरक असतो तो पोलाद आणि त्याला दिलेल्या उष्णतेत. चांगल्या आसाची त्वचा कठीण केलेली असते, पण गाभा चिवट ठेवलेला असतो. नुसता कठीण आस काचेसारखा तडकतो, नुसता मऊ पिळवटतो. हे डोळ्यांना दिसत नाही. म्हणून पक्के बिल आणि लेखी हमी यांना महत्त्व.

आता उंचीकडे वळू. मागचा सरळ आस पाट्यांखाली ठोकळा घातल्याने वाकडा होत नाही. तो चाकांच्या उंचीवरच राहतो. त्रास होतो इंजिनाकडून येणाऱ्या प्रोपेलर शाफ्टला, कारण त्याचा उतार वाढतो व त्याचे क्रॉस लवकर झिजतात. शिवाय डिफरन्शियलचा गोळा जमिनीपासून होता तेवढ्याच अंतरावर राहतो! चिखलात अडकतो तो नेमका हाच गोळा. तो वर उचलतात फक्त मोठे टायर, आणि त्यांचा भार थेट आसावर पडतो. २८ इंचांचा टायर काढून ३१ इंचांचा घातला, तर गोळा दीड इंच वर जातो, पण तेवढाच रेटा मिळविण्यासाठी आसाला सुमारे ११ टक्के अधिक पीळ सोसावा लागतो.

चारही चाके ओढणाऱ्या गाड्यांची गोष्ट आणखी नाजूक. इसुझूची व्ही-क्रॉस (२०१६) किंवा टोयोटाची हायलक्स (२०२२) यांची पुढची चाके स्वतंत्रपणे वरखाली होतात, म्हणून आसाच्या दोन्ही टोकांना सांधे असतात, आणि सांध्यांवर वंगणाने भरलेले रबरी बूट. दोन सांध्यांमधले आडवे अंतर ४० सेंटिमीटर धरले आणि गाडी ५ सेंटिमीटर उचलली, तर आस सुमारे ७ अंशांनी अधिक कलतो. बुटाच्या घड्या एकमेकींवर घासतात, रबर फाटते, वंगण उडून जाते आणि धूळ आत शिरते. वळताना टक्‌टक् असा आवाज आला की बाहेरचा सांधा गेला असे समजावे. अशा गाडीत कंपनीचा नवा आस घातला तरी कोन तोच राहणार, आणि तोही त्याच वाटेने जाणार. कोणताही आस उंचीचे औषध नव्हे. डिफरन्शियल थोडे खाली घेऊन कोन सुधारता येतो, पण मग तेथील मोकळी जागा तितकी घटते. बूट फाटल्याचे वेळीच दिसले आणि सांध्याने अजून आवाज केला नसेल, तर मूळ आस ठेवून नवा बूट व नवे वंगण घालावे. निनावी नव्या आसापेक्षा हा सौदा केव्हाही चांगला.

“मग सर्वांत मजबूत आसच घालू” असेही काहीजण म्हणतात. पण पीळ असह्य झाला की कोठेतरी तुटणारच. आस तुटला नाही, तर आतले क्राऊन-पिनियन तुटते, आणि त्याचा खर्च आसाच्या कितीतरी पट.

कायद्याची बाजूही आहेच. बिघडलेल्या भागाच्या जागी त्याच मापाचा भाग घालणे वेगळे आणि गाडीची मूळ घडणच बदलणे वेगळे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ चा अर्थ लावताना सर्वोच्च न्यायालयाने ९ जानेवारी २०१९ रोजी निर्मात्याच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल अमान्य ठरविले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने अशा प्रत्येक बदलासाठी ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्हींची तरतूद झाली. अपघातानंतर विमा कंपनीही गाडीची उंची पाहू शकते. केळीची गाडी शक्य तोवर मूळ उंचीवरच ठेवावी आणि चिखलातल्या दिवसांत भार कमी घालून एक फेरी जास्त करावी, असे आमचे मत आहे.

आणि तुटलेला आस लगेच भंगारात देऊ नये. तुटीवर शिंपल्यासारख्या वर्तुळाकार रेषा असतील, तर तडा फार दिवस हळूहळू वाढत होता. दाते दोरासारखे पिळवटले असतील, तर बळ एकदम पडले. नवा आस घेताना जुने तुकडे दुकानात न्यावेत, जोडून लांबी व जाडी मापावी, दाते मोजावेत, वजनही ताडून पाहावे. दुकानदार कुरकुर करील, करू द्यावी.