सकाळचा डोस, उजेडाचा!

स्टॉकहोमला डिसेंबरात सूर्य पावणेनऊच्या सुमारास उगवतो आणि तीनच्या आत मावळतोही! म्हणजे आपण लंचनंतर डोळे चोळत मीटिंगला बसतो, तेव्हा तिकडे संध्याकाळ. प्रोजेक्टच्या निमित्ताने एक हिवाळा मी तिथे ताईकडे राहिलो. माझी पंधरा वर्षांची भाची सकाळी उठायचीच नाही. शाळेतून आली की पुन्हा अंथरुणात. गिटार कोपऱ्यात, मैत्रिणींशी बोलणं बंद. ‘आळस, दुसरं काय!’ हे घरचं निदान. डॉक्टरांचं वेगळं होतं : डिप्रेशन, हिवाळ्यात येणारं.

या आजाराला नाव मिळालं १९८४ मध्ये. ते देणाऱ्यांपैकी नॉर्मन रोझेंथाल हे मानसोपचारतज्ज्ञ मूळचे जोहान्सबर्गचे. अमेरिकेतल्या हिवाळ्याने त्यांनाही छळलं होतं. उपाय ऐकायला एकदम सोपा. सकाळी उठल्यावर अर्धा तास १०,००० लक्सच्या खास दिव्यासमोर बसायचं. आपल्या चकाचक ऑफिसात जेमतेम ५०० लक्स असतात, बरं का! दिव्याकडे टक लावायची नाही. डोळे उघडे ठेवून खुशाल नाश्ता करा. डोळ्यांतल्या काही पेशी हा उजेड मेंदूतल्या घड्याळाला कळवतात. टीनएजमध्ये ते घड्याळ मुळातच मागे पडतं, म्हणून सकाळच हवी. रात्री तोच दिवा लावलात तर झोपेचं खोबरं!

पहिले दोन दिवस भाची दिव्याकडे पाठ करून बसली. मग ताईच चहा घेऊन शेजारी बसायला लागली. दुसऱ्या आठवड्यात पोरीने स्वतःहून पोहे मागितले. गिटार अजून कोपऱ्यातच होती, पण मला ते पोहे खूप वाटले.

अर्थात बॉस, हा अल्लाउद्दीनचा दिवा नव्हे. भाचीचं काउन्सेलिंग चालूच राहिलं. मुलांवरचे अभ्यासही थोडेच. १९९७ च्या एका अमेरिकन चाचणीत निकाल चांगला आला, पण मुलं होती फक्त २८. डोकं दुखू शकतं. बायपोलर आजार असेल तर मूड एकदम उसळायची भीती. तेव्हा डॉक्टरांना न विचारता ऑनलाइन खरेदी नको.

पुण्या-मुंबईत ऊन फुकट आहे. ढगाळ सकाळीही बाहेर ऑफिसच्या कितीतरी पट उजेड असतो. पण धाकट्या भावंडाने आठवडेच्या आठवडे दार लावून घेतलं असेल, तर ‘जरा उन्हात जा’ एवढ्यावर भागवू नका. शेजारी बसा, डॉक्टरांची वेळ घ्या. सरकारची ‘टेलि-मानस’ हेल्पलाइन २०२२ पासून सुरू आहे, चोवीस तास, मोफत : १४४१६.