‘मुद्दाम’ करणारीं मुलें



“डोकें आहे, पण एका जागीं बसत नाहीं,” हें गुरुजींचें वाक्य आपल्यापैकीं पुष्कळांनीं ऐकलें असेल. तोंडीं विचारलें तर मुलगा चटकन उत्तर देतो. वहींत मात्र तेंच गणित अर्धें सोडलेलें असतें. दप्तर शाळेंतच राहतें. मग घरीं निकाल लागतो कीं, पोर मुद्दाम करतें. मला आज या ‘मुद्दाम’ शब्दाविषयींच बोलावयाचें आहे.

सन १९०२ मध्यें जॉर्ज स्टिल या बालरोगतज्ज्ञांनीं लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्समध्यें कांहीं व्याख्यानें दिलीं. बुद्धि शाबूत असूनही ज्यांना स्वतःस आवरतां येत नाहीं, अशा मुलांचें वर्णन त्यांत होतें. याचें मूळ शरीरांत असावें असा त्यांचा तर्क. परंतु नांव दिलें तें ‘नैतिक संयमाची उणीव’! तर्क योग्य दिशेचा होता, नांवानें मात्र दोष मुलाच्या शीलावरच ठेवला.

पुढें १९३७ सालीं अमेरिकेंतील ऱ्होड आयलंड संस्थानांत डॉ. चार्ल्स ब्रॅडली यांनीं आपल्या रुग्णालयांतील तीस मुलांस बेंझेड्रीन हें उत्तेजक औषध आठवडाभर दिलें. उत्तेजकानें मुलें अधिकच उधळतील, असें कोणासही वाटावें. घडलें उलटें. जवळजवळ निम्मीं मुलें अभ्यासांत लक्षणीय रस घेऊं लागलीं. मेंदूच्या पुढील भागाकडे आवर घालण्याचें काम असतें. अशीं औषधें तेथील डोपामीन व नॉरॲड्रेनलीन या द्रव्यांचें कार्य वाढवितात, हें नंतर कळलें. घोडे तेच राहतात. जागा होतो तो सारथी.

आज या स्थितीस एडीएचडी, म्हणजे अवधान-न्यूनता व अतिचंचलता, असें म्हणतात. शंभरांत सुमारें पांच मुलांत ती आढळते, आणि तींत आनुवंशिकतेचा वांटा मोठा असतो. आईबापांच्या लाडानें ती उत्पन्न होत नाहीं.

“मग मोबाईलवरच्या खेळांत तासभर लक्ष कसें लागतें?” असें आईबाप विचारतात. शंका रास्त आहे. खेळ क्षणाक्षणाला कांहीं तरी बक्षीस देतो. तेथें लक्ष आपोआप ओढलें जातें. पाढे म्हणतांना तें आपण होऊन लावावें लागतें, आणि या मुलांचें अडतें तें नेमकें येथें. खिडकीबाहेर पाहत शांत बसलेली मुलगी तर कोणाच्या नजरेसही येत नाहीं, कारण ती कोणास त्रास देत नाहीं. वय वाढलें कीं धांवपळ पुष्कळदां कमी होते. विसरणें, उशीर आणि आंतली तगमग मात्र उरते. माझ्या परिचयांतील चौदा वर्षांचा एक मुलगा बापास म्हणाला, “बाबा, मला तरी कुठें विसरायचं असतं?” बापापाशीं उत्तर नव्हतें.

अर्थात् प्रत्येक खोडकर मूल या सदरांत पडत नाहीं. लक्षणें बारा वर्षांच्या आंत दिसूं लागलेलीं असावीं, निदान सहा महिने टिकावीं, आणि घरीं व शाळेंत अशा दोन्हीं ठिकाणीं दिसावीं. अपुरी झोप, कमी ऐकूं येणें, घरांतील कलह, यांनींही मुलाचें चित्त उडतें. तीं कारणें आधीं तपासावींत. रक्त तपासून हें निदान होत नाहीं.

लहान मुलांच्या बाबतींत आरंभ आईबापांच्या शिकण्यापासून होतो. स्वयंपाकघरांतून एका दमांत चार आज्ञा सोडूं नयेत. जवळ जाऊन एकच सांगावी. काम लहान तुकड्यांत द्यावें, आणि तें होतांच शाबासकी द्यावी. शनिवारच्या बक्षिसावर सोमवारीं मन लागत नाहीं. शाळकरी वयांत गरज पडल्यास तज्ज्ञ मेथिलफेनिडेटसारखें औषध देतात. त्यानें भूक मंदावूं शकते, झोप लांबूं शकते, म्हणून उंची व वजन वेळोवेळीं पाहिलें जातें. शेजाऱ्याच्या मुलाची गोळी आपल्या मुलास कधींही देऊं नये. बालमानसरोगतज्ज्ञांकडे प्रथम जातांना वर्गशिक्षकांकडून मुलाविषयीं चार ओळी लिहून घ्याव्यात, आणि जुनीं प्रगतिपुस्तकें बरोबर न्यावींत. त्यांतील शेरे वैद्यास फार उपयोगी पडतात.