रस्ता मोटारीचा नव्हे, माणसाचा आहे!

तळेऱ्याहून निघून नाधवडे, कोकिसरे, वैभववाडी, एडगाव, करूळ अशी गावे घेत जाणारा आणि घाट चढून गगनबावडामार्गे कोल्हापूर गाठणारा रस्ता आज राष्ट्रीय महामार्ग आहे. किनाऱ्यावरची मासळी याच रस्त्याने वर जाते, कोल्हापूरचा भाजीपाला याच रस्त्याने खाली येतो. गळिताच्या हंगामात उसाच्या गाड्यांची रीघ लागते. रुंदीकरण आणि काँक्रिटीकरणासाठी जानेवारी 2024 मध्ये करूळ घाट बंद झाला, तो पुन्हा सुरू व्हायला वर्ष लोटले. रस्ता सुधारला याबद्दल कुणाची तक्रार असण्याचे कारण नाही. परंतु रस्ता गुळगुळीत झाला की गाड्यांचा वेग वाढतो. त्या वेगाच्या कडेने सायकलवर शाळेला निघालेल्या पोराचे काय, डबा अडकवून कामावर निघालेल्या गवंड्याचे काय, हा प्रश्न उद्घाटनाच्या भाषणात कुणी विचारत नाही.

कोकण चढउताराचे, त्यामुळे देशावर दिसतात तितक्या सायकली इथे दिसत नाहीत. पण ज्या दिसतात त्या हौसेच्या नसतात. एस.टी.ची वेळ जुळत नाही, मोटारसायकलच्या पेट्रोलला पैसे पुरत नाहीत, म्हणून माणूस सायकल काढतो. अशा माणसाची आणि गाडीवाल्याची रोज तेढ होते. गाडीवाला म्हणतो, 'हे सायकलवाले मध्येच येतात, मागे लाल दिवा नाही, अंधारात दिसत नाहीत.' सायकलवाला म्हणतो, 'हे कट मारून जातात, हॉर्न वाजवून आम्हाला साईडपट्टीवर उतरवतात.' दोघांचेही म्हणणे खरे आहे. काँक्रीटची कडा आणि साईडपट्टी यांत उंचीचा फरक राहिला, तर तिथून उतरणारी सायकल आडवी होणारच. पावसाळ्यात त्या पट्टीवर चिखल, खडी आणि झुडपे. मग सायकलवाल्याने जायचे कुठून?

देशाचे आकडे पाहा. 2022 मध्ये भारतात रस्त्यावर 1,68,491 माणसे मेली. त्यात 32,825 पायी चालणारे आणि सुमारे 4,800 सायकलस्वार होते. म्हणजे दर पाच बळींमागे किमान एक जण असा, की ज्याच्याकडे इंजिनच नव्हते! 2011 च्या जनगणनेत शंभरातल्या जवळपास 45 कुटुंबांकडे सायकल होती, मोटारगाडी पाच कुटुंबांकडेही नव्हती. तरीही रस्ते आखले जातात ते त्या पाचांसाठी. कोलकात्यात तर 2013 मध्ये पोलिसांनी 174 रस्त्यांवर सायकलींना बंदी घातली. गर्दी कुणामुळे आणि शिक्षा कुणाला?

बाबासाहेबांनी श्रेणीबद्ध विषमतेचे वर्म सांगितले आहे. प्रत्येक पायरीवरचा माणूस वरच्याचा जाच सोसतो आणि खालच्यावर तो काढतो. आपल्या रस्त्यावर हीच उतरंड चाकांच्या रूपाने उभी आहे. डंपर मोटारीला दाबतो, मोटार दुचाकीला, दुचाकी सायकलीला आणि सायकल पायी चालणाऱ्याला. वाट मागण्याचा हक्क वेगाने ठरतो, माणूसपणाने नव्हे.

आपल्या समाजाला हा प्रश्न नवा नाही. 1929 मध्ये सरकारी समितीचे सदस्य म्हणून दौऱ्यावर असताना बाबासाहेब चाळीसगावला उतरले. त्यांना नेण्यास टांगेवाले तयार होईनात. शेवटी टांगा तेवढा भाड्याने घेतला आणि सराव नसलेल्या आपल्याच एका माणसाने तो हाकला. पुलावर अपघात झाला, बाबासाहेब फेकले गेले, त्यांचा पाय मोडला. त्या अपघाताचे कारण घोडा नव्हता की चाक नव्हते. त्याचे कारण जात होती.

म्हणूनच संविधानाच्या कलम 15(2) मध्ये विहिरी, तलाव, स्नानघाट यांच्या जोडीला 'रस्ते' हा शब्द आहे. आणि सायकल? तीही कायद्यात आहे! अत्याचार प्रतिबंधक कायद्यात 2015 मध्ये दुरुस्ती झाली, ती 26 जानेवारी 2016 पासून लागू आहे. त्यानुसार अनुसूचित जाती-जमातीच्या माणसाला सार्वजनिक ठिकाणी सायकल किंवा मोटारसायकल चालवण्यास अडवणे हा गुन्हा आहे. एकविसाव्या शतकात संसदेला असे लिहावे लागले, यावरून गावातल्या रस्त्यावरून दलिताची सायकल जाणे अजून कुणाकुणाला खुपते ते समजावे. अर्थात प्रत्येक कट हा जातीचा कट नसतो, आणि हे कलम जिथे लागू पडते तिथेच लावावे. पण सरकारी पैशाने बांधलेला रस्ता सर्वांचा, हे तत्त्व प्रत्येक सायकलस्वाराला लागू आहे, मग तो कोणत्याही वाडीतला असो.

सायकलने माणसे उभी केली आहेत. तामिळनाडूच्या पुदुकोट्टईत 1990 च्या दशकाच्या सुरुवातीला साक्षरता चळवळीतून हजारो ग्रामीण स्त्रिया सायकल शिकल्या. बिहारने 2006 पासून शाळकरी मुलींना सायकली दिल्या. आपल्या राज्यातही मानव विकास कार्यक्रमातून मागास तालुक्यांतल्या मुलींना सायकली मिळतात. सरकार मुलीच्या हातात सायकल देते, पण ती चालवायला रस्त्याची कडा देत नाही, याला काय म्हणावे?

इथे गाडीवाल्याला शत्रू समजण्याची चूक करू नये. डंपरचा, टेम्पोचा, उसाच्या गाडीचा चालक बहुधा आपल्यासारखाच कष्टकरी असतो. खेपांवर त्याची कमाई, झोप अपुरी, मालकाचा तगादा. अपघात झाला की जमाव मारील ही त्याची भीतीही खोटी नाही. जखमीला दवाखान्यात पोहोचवणे मोटार वाहन कायद्याच्या कलम 134 ने चालकावर बंधनकारक केले आहे, पण जमावाच्या क्षोभाचा अपवाद त्याच कलमात आहे. पळून जाणाऱ्या चालकाला दहा वर्षांपर्यंत शिक्षेच्या तरतुदीविरुद्ध जानेवारी 2024 मध्ये ट्रकचालकांनी संप केला, आणि त्या वर्षी 1 जुलैला नवी न्याय संहिता लागू झाली तेव्हा ते पोटकलम बाजूला ठेवले गेले. दोन गरीब रस्त्यावर एकमेकांची गचांडी धरतात आणि ज्याने रस्त्याची कडा सोडली नाही तो कार्यालयात निवांत बसतो!

त्याला जाब विचारता येतो. 2019 च्या दुरुस्तीने आलेल्या कलम 198अ नुसार, रस्त्याच्या आराखड्याचे व बांधणीचे मापदंड न पाळल्याने मृत्यू वा अपंगत्व आले, तर जबाबदार यंत्रणा, ठेकेदार आणि सल्लागार यांना एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. पायी चालणारे आणि बिनइंजिनाची वाहने यांच्या सुरक्षेचे नियम राज्यांनी सहा महिन्यांत करावेत, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर 2025 मध्ये दिला. पण असे नियम कागदावरून रस्त्यावर उतरवायला रेटा लागतो.

बांधवांनो, म्हणून काही गोष्टी गाठीशी बांधा. सायकलला परवाना किंवा विमा लागत नाही, पण धडकणाऱ्या गाडीला विमा सक्तीचा आहे. त्या विम्यातून भरपाई मागणे हा सायकलस्वाराचा हक्क आहे. चूक कुणाची हे सिद्ध न करताही कलम 164 खाली मृत्यूस पाच लाख आणि गंभीर दुखापतीस अडीच लाख रुपये मिळू शकतात. गाडी सापडलीच नाही, तर 1 एप्रिल 2022 पासूनच्या योजनेत अनुक्रमे दोन लाख आणि पन्नास हजार रुपये आहेत. दाव्याच्या सहा महिन्यांच्या मुदतीचा वाद सर्वोच्च न्यायालयात गेलेला असला, तरी त्या भरवशावर थांबू नका. पहिल्याच दिवशी फिर्याद द्या, पंचनाम्यात साईडपट्टीची अवस्था लिहून घ्या, फोटो काढा. चिरीमिरी घेऊन कोऱ्या कागदावर सही किंवा अंगठा देऊ नका.

आणि आपलीही शिस्त हवी. डाव्या बाजूने चला, मागे लाल परावर्तक लावा, अंधारात दिवा वापरा. भरपाईच्या दाव्यात विमा कंपनी पहिला बोट याच उणिवेवर ठेवते.

येत्या ग्रामसभेत रस्त्याच्या कडेचा ठराव मांडा. साईडपट्टी काँक्रिटच्या पातळीला आणा, झाडी तोडा, शाळेजवळ वेग रोखा, एवढे तरी लेखी मागा आणि पोहोच घ्या. त्या ठरावावर गाडीवाल्याचीही सही घ्या, कारण त्याचेही पोर सायकलवरच शाळेला जाते. पाणी सर्वांचे हे सांगायला आपल्या पूर्वजांना महाडला जावे लागले. रस्ता सर्वांचा हे सांगायला आपल्याला निदान ग्रामपंचायतीपर्यंत तरी जायला हवे!